डुकरानं शेवटीच यायचं असतं

दोन हजार सात साली आमच्या गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष चीनला जाऊन आले आणि त्यांनी आम्हाला महिनाभर सुखानं जगू दिलं नाही. अध्यक्षांचं दुकान विजेच्या माळांचं. माळा सगळ्या चिनी, तेव्हा त्या जिथं होतात ते गाव एकदा बघून यावं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि चार व्यापाऱ्यांबरोबर ते आठवडाभर जाऊन आले. आठवडा तिकडं काढला आणि आठ महिने पुरेल एवढं बोलणं घेऊन आले. तिथं चहात दूध नसतं. तिथं पाणीसुद्धा गरम पितात. तिथं कशाकशाला म्हणून तळतात, आणि अध्यक्षांनी शेंगदाण्याच्या चटणीवर कसे दिवस काढले. ऐकून ऐकून गल्लीतली माणसं अध्यक्षांची गाडी दिसली की शेजारच्या बोळात शिरायला लागली.

बोलण्यावर भागलं असतं तर चाललं असतं, पण त्यांनी येताना एक कॅलेंडर आणलं. लालभडक कागद, त्यावर गोलात बारा जनावरं आणि मधोमध सोनेरी रंगाचं गुबगुबीत डुक्कर, गालाला खळ्या पाडून हसणारं. डुक्कर हसतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडचं डुक्कर गटारीपलीकडनं बघतं ते ‘दगड मारणार असशील तर आत्ताच सांग’ अशा नजरेनं. अध्यक्षांनी समजावून सांगितलं, की चिनी लोक वर्षांना जनावरांची नावं देतात. पहिलं उंदराचं, मग बैलाचं, वाघाचं, सशाचं, असं करत बारावं डुकराचं, की पुन्हा उंदीर. चालू वर्ष डुकराचं होतं, आणि त्यातही सोन्याच्या डुकराचं असं तिकडं सगळे म्हणत होते. या वर्षी जन्मलेलं पोर जन्मभर खाऊनपिऊन सुखी, म्हणून तिकडं दवाखान्यात बाळंतिणींना खाट मिळेना म्हणे.

‘आणि डुकराच्या वर्सात जन्मल्यालं माणूस कसं असतंय, ठावं हाय?’ अध्यक्ष म्हणाले. ‘सरळ. पोटात एक नि ओठांत एक असलं त्येला जमतच न्हाई. लोक त्येला फसिवतात, पर त्ये कुणाला फसवत न्हाई.’

आम्ही लगेच हिशेब केला. मी त्र्याऐंशीची, म्हणजे डुक्कर. आमचे आबा शाळेच्या दाखल्यावर एकोणसाठचे, म्हणजे तेही डुक्कर. तारीख अर्थातच एक जून. त्या पिढीतलं निम्मं कोल्हापूर एक जूनलाच जन्मलंय. आई म्हणाली, ‘बरं झालं कळलं. घरात दोन-दोन हायती म्हंजे.’

मी तेव्हा डी.एड. करून नोकरीची वाट बघत घरात बसले होते, आणि घरात बसलेलं माणूस मंडळाच्या डोळ्यांवर येतं. कोल्हापुरात गणपतीत सजीव देखावे असतात. रस्त्यात स्टेज, स्टेजवर गल्लीतलीच माणसं, आवाज मात्र आधी रेकॉर्ड केलेला. स्टेजवरच्यांनी नुसते हातवारे करायचे. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, तो संपला की रांगेतली पुढची माणसं आत. आमच्या मंडळाचं लिखाण आणि निवेदन माझ्या गळ्यात पडलेलं, कारण गल्लीत सगळ्यात मोठा आवाज माझा, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. दरवर्षी झाडून सगळी मंडळं इतिहास करायची. एका चौकात गड चढायचे, दुसऱ्या चौकात खिंड लढवायची, आणि सगळ्यांच्या दाढ्या एकाच दुकानातनं भाड्यानं आणलेल्या. त्या वर्षी अध्यक्षांनी जाहीर केलं, यंदा दाढ्या बंद. यंदा चीन.

गोष्ट तशी सोपी होती. स्वर्गाच्या राजानं सगळ्या जनावरांची शर्यत लावली. (काही जण राजाच्या जागी बुद्ध सांगतात, पण आमच्या गल्लीतले एक बौद्ध गुरुजी म्हणाले, ‘आमच्यात असल्या शर्यती नसतात, तुम्ही आपला राजाच ठेवा.’ राजा ठेवला.) नदी ओलांडून जो ज्या नंबरानं येईल, त्या नंबराचं वर्ष त्याच्या नावाचं. उंदीर बैलाच्या पाठीवर बसून आला आणि काठ आल्यावर टुणकन उडी मारून पहिला झाला. बैल दुसरा, वाघ तिसरा, असे अकरा जण आले. डुकराचा पत्ताच नाही. वाटेत त्याला भूक लागली, ते खात बसलं, खाऊन सुस्ती आली, मग तिथंच झोपलं. जाग आल्यावर पळत आलं, तोवर बारावीच जागा उरली होती.

मीटिंगीत मी हे सांगितलं. मग मागनं कुणीतरी विचारलं, ‘उंदीर पयला येतोय?’

‘पहिला.’

‘म्हंजे आपल्या गणपतीचं वाहन पयलं येतंय की!’

झालं, टाळ्या पडल्या. डुकराला गणपतीपुढं आणायचं का यावर जराशी कुरकुर झाली, पण पूजेला येणारे भटजी म्हणाले, विष्णूचा वराह अवतार आहे की, आणि तीही मिटली.

खरी पंचाईत पुढं होती. वाघ व्हायला अख्खी गल्ली तयार. ड्रॅगनच्या आत तीन माणसं लागणार होती, त्यांची तोंडाकडं कोण यावरनं भांडणं. उंदीर म्हणून कोपऱ्यावरचे झेरॉक्सवाले ठरले, कारण ते मुळातच तसे बारीक आणि चुळबुळे. पण डुक्कर म्हटलं की जो तो भिंतीवरचं घड्याळ बघायचा. शेवटी मिठाईवाले पोट पुढं करून उठले आणि म्हणाले, ‘लिव्हा माझं नाव. घरात न्हाईतरी त्येच म्हणतात.’ सगळ्यांनी त्यांना उचलून घ्यायचं बाकी ठेवलं. गणपती तोंडावर आले आणि मिठाईवाल्यांना चिकुनगुनिया झाला. त्या साली तो घरटी एक होता. ते संडासला भिंत धरून जात होते, शर्यत कुठली पळणार?

मुखवट्याचीही तऱ्हा. कुंभार गल्लीतल्या मूर्तिकाराला डुक्कर करायला सांगितलं होतं. त्या बिचाऱ्यानं जन्मात एकच डुक्कर केलेलं, दशावतारातलं. त्यानं मन लावून तेच केलं. वर वळलेले दोन सुळे, कपाळाला गंध, डोळ्यांत असा जाळ, की मुखवटा टेम्पोतनं उतरवताना दोन म्हाताऱ्यांनी पदर डोक्यावर घेऊन हात जोडले. अध्यक्ष कॅलेंडर नाचवत ओरडले, ‘अवो हसतंय त्ये! हसाय पायजे!’ मग सुळे कापले, गंध पुसलं आणि गालाला खळ्या पाडल्या. जाळ तेवढा डोळ्यांत राहिला.

आता आबांबद्दल सांगते.

आबा पैलवान. म्हणजे एके काळचे. मी समजत्या वयाची झाले तेव्हा ते म्हशी पाळत होते आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून दूध देत होते. पण मान, दंड, फुटलेले कान, सगळं पैलवानाचंच. गल्लीच्या तोंडाला तालीम आहे. त्याच तालमीच्या मातीत ते वाढले, आणि त्याच तालमीवरनं जायचं टाळायला म्हणून रोज कॅन घेऊन मागच्या बोळातनं लांबचा फेरा मारायचे. मी दुसरीत असताना गारगोटीच्या पलीकडच्या एका जत्रेत त्यांची कुस्ती लागली. समोर एक नवखं पोरगं. आबा त्याला सहज लोळवणार असं सगळं मैदान धरून चाललेलं. पोरानं खाली बसून पाय ओढला, आणि हलगीवाल्याची हलगी नीट तापायच्या आत आबा चितपट.

कोल्हापूरचा पैलवान, आणि असल्या पोराकडनं पडतो? लोकांनी ठरवून टाकलं, ही नुरा. नुरा म्हणजे आधी आपसात ठरवून खेळलेली खोटी कुस्ती. पैलवानाला आईवरनं शिवी दिली तर तो मारायला उठतो. नुरा म्हटलं तर तो घरी येतो आणि जेवत नाही. आबा जेवले नाहीत. ज्यांनी त्यांना लंगोट बांधायला शिकवलं ते वस्ताद त्या दिवसापासनं त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, तंटा नाही; आबा समोरनं आले की वस्ताद दुकानांच्या पाट्या वाचायला लागायचे. शाळेत मला पोरं म्हणायची, तुझ्या बानं कुस्ती इकली. मी दोघांची नाकं फोडली आणि तिसऱ्याच्या आईनं माझं. घरी आबांना विचारायची सोय नव्हती. तो शब्द निघाला की ते उठून गोठ्यात जायचे.

तर अध्यक्ष आमच्या घरी आले. आबा दुपारचे पत्र्याखाली खाटेवर पसरले होते, पहाटे तीनला उठणारं माणूस, घोरत होते. अध्यक्षांना मुद्द्यावर यायचं धाडस होईना. ते आईला म्हणाले, ‘वैनी, चिनी लोकांत डुकराला लई मान. त्यांच्यात घर लिवायचं झालं तर वर छप्पर काढत्यात नि छपराखाली डुक्कर. डुक्कर हाय तर घर हाय.’

आईनं छपराकडं बघितलं, खाटेकडं बघितलं. म्हणाली, ‘आमच्यात तरी दुसरं काय हाय? आमी फकस्त लिवत न्हाई.’

मग अध्यक्षांनी हळूच विषय काढला. मी मनातल्या मनात त्यांची चप्पल कुठं आहे ते बघून ठेवलं, कारण त्यांना ती घालायला वेळ मिळणार नाही अशी माझी खात्री होती. आबांचं घोरणं थांबलं. डोळे न उघडता त्यांनी एकच विचारलं.

‘तोंड दिसतंय काय?’

‘न्हाई वो, मुखवटा हाय. गळ्यापतोर.’

‘करतो,’ आबा म्हणाले आणि कूस बदलली.

आई हातातली परात खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. तो माणूस इतकी वर्षं गल्लीच्या तोंडाला फिरकला नव्हता, आणि स्टेज नेमकं तालमीसमोर. मला त्या ‘करतो’चा अर्थ कळला. आबांना तालमीसमोर उभं राहायचं होतं. फक्त तोंड न दाखवता.

सरावाला आबा एकदाही आले नाहीत, म्हशींची वेळ तीच. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, ‘कायसुदिक न्हाई, शिट्टी झाली की हितनं पळायचं नि राजापतोर जायाचं.’ कितवं जायचं ते सांगितलंच नाही. हा अध्यक्ष असा, चीनची सगळी बडबड पाठ आणि कामाचं एक वाक्य तोंडातनं निघत नाही.

पहिल्या संध्याकाळी मांडव भरला. स्टेजवर निळ्या कापडाची नदी, दोन टोकं धरून दोघं लाटा हलवतायत. पलीकडच्या काठावर स्वर्गाचा राजा, म्हणजे स्वतः अध्यक्ष, बायकोच्या पैठणीचा झगा करून बसलेले. मी पडद्यामागं सीडी लावली. शिट्टी झाली आणि गर्दीनं आरोळी ठोकली. आता तालमीसमोर, मैदानासारखी गर्दी, आणि आरोळी. आबांचं काय झालं ते मला पडद्यामागनं दिसलं. डुक्कर दोन पावलं मागं सरलं, वाकलं, आणि असं सुटलं की वाघ बाजूला फेकला गेला. ड्रॅगन मधोमध तुटून त्याचे तिन्ही भाग वेगवेगळ्या दिशेला गेले. बैलाला धक्का लागला आणि बैलावरचे झेरॉक्सवाले नदीत. डुक्कर एकटंच राजासमोर जाऊन उभं राहिलं आणि त्यानं दणादण शड्डू ठोकला.

नेमका त्याच वेळी स्पीकरमधनं माझा आवाज आला, ‘आणि पाहा! इवलासा उंदीर पहिला आला!’

डुकरानं मान वळवून उंदीर शोधला. उंदीर निळ्या कापडात गुरफटून आईच्या नावानं हाका मारत होता. लोक खुर्च्यांवर उभे राहून हसत होते. एक बाई हसता हसता अक्षरशः खाली बसली.

पडद्यामागं राजा पैठणी सावरत धावला. ‘आबा! डुकरानं शेवटीच यायचं असतंय!’

‘का?’

‘का म्हंजे? गोष्टच तशी हाय. ठरल्यालं असतंय त्ये.’

मुखवटा राजाकडं वळला. ‘ठरवून हरायचं?’

‘व्हय की.’

‘म्हंजे नुरा,’ आबा म्हणाले. मुखवटा काढला, राजाच्या सिंहासनावर ठेवला आणि मागच्या बोळानं घरी गेले.

त्या दिवशीचे बाकीचे खेळ डुकराविना झाले. माझा आवाज प्रत्येक वेळी म्हणायचा, ‘आणि शेवटी डुक्कर आलं,’ आणि कुणीच यायचं नाही. पब्लिक ओरडायचं, ‘डुकार कुठं हाय? डुकार दावा!’ पहिल्या खेळाची बातमी तोवर पेठापेठांत पोचली होती आणि लोक डुकरासाठीच येत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेले. आबा म्हशीला खरारा करत होते.

‘आबा, गोष्ट आहे हो ती. पोरांची गोष्ट.’

‘गोष्ट आसंल. समद्यांम्होरं ठरवून हरायचं मला सांगू नगंस. तालमीम्होरं तर न्हाईच.’

‘मुखवटा असतोय की! कुणाला कळतंय आत कोण आहे ते?’

‘मला कळतंय की.’

मला असा संताप आला. सगळ्या गल्लीनं त्यांना खोटं ठरवलं, आणि हे आपले खोट्यातलं खोटंसुद्धा करायला तयार नाहीत, तेही डुकराचं सोंग घेऊन! मी शेणाच्या पाटीला लाथ मारली. पाय दुखला. आबा खरारा करत राहिले. मग म्हणाले, ‘त्या डुकरानं मुद्दाम केलतं काय?’

‘काय?’

‘शेवटी आलं त्ये. मुद्दाम आलं?’

‘नाही. त्याला भूक लागली. खात बसलं. खाल्ल्यावर झोप लागली.’

‘आणि उठल्यावर?’

‘उठल्यावर जीव तोडून पळालं की. पण उशीर झालता.’

आबांचा हात थांबला. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडं बघितलं. ‘मग त्ये काय खोटं न्हवं. भूक लागल्याली खरी, झोप खरी, पळालंबी खरं. हरलंबी खरं.’

‘खरंच हरलं.’

‘मग मला खाया घाला,’ आबा म्हणाले.

आणि तसंच ठरलं. नकली केळी नाहीत, थर्माकोलचे लाडू नाहीत. स्टेजच्या मधोमध खरं पान मांडायचं. शिट्टी झाली की आबा सगळ्यांबरोबर पळणार, पानापाशी पोचल्यावर खायला बसणार, मनापासनं सगळं संपवणार, मग आडवे होणार, आणि जाग आली की खरोखर पळणार. त्यात जो नंबर येईल तो येईल. आणि डुकराचा खेळ रात्री एकच, आठचा.

नाद खुळा झाला हो. डुक्कर पानावर बसलं, मुखवटा मिशीपर्यंत उचलला आणि खायला लागलं. लाडू, केळी, मोदक, वर लोटीभर दूध. पैलवानाचं खाणं काय असतं ते नव्या पोरांनी बघितलंच नव्हतं. सगळा मांडव श्वास धरून बघतोय. अकरा जनावरं कधीच पोचलेली, राजा चुळबुळतोय, आणि डुक्कर शांतपणे पान चाटूनपुसून साफ करतंय. मग ढेकर, आणि आडवं. पहाटे तीनला उठलेलं माणूस, पोटात लाडू, आठची वेळ. आबांना खरीच झोप लागायची. मला सीडी थांबवावी लागायची. त्यांचं घोरणं मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं आणि लोक एकमेकांना गप्प करायचे, ‘श्शू, डुकार झोपलंय!’ शेवटी पोरंच ओरडायची, ‘ऊठ की रं, बारावा नंबर तरी गाठ!’ मग आबा दचकून उठायचे आणि असे पळायचे, असे पळायचे, की राजा सिंहासनावर पाय वर घेऊन बसायचा.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. कळंब्याकडनं रिक्षा भरून माणसं यायला लागली. बायका घरनं डबे घेऊन आल्या, की आमच्या हातचं डुकराला घाला. गल्लीतल्या जैन काकूंनी बजावलं, ‘आमच्याकडचं बिनकांदालसणीचं, ते वेगळं वाढा.’ आबांनी ते वेगळं खाल्लं आणि नंतर बाकीचं सगळं खाल्लं. घरी मात्र त्यांचं जेवण बंद झालं. आई म्हणाली, ‘खरंच सोन्याचं वर्स हाय बाई.’

आबा या दिवसांत बदलत चालले होते. मुखवट्यात का होईना, ते तालमीसमोर बसून जेवत होते. तिथनं येताना मागच्या बोळानं न येता तालमीवरनं यायला लागले. मान खाली, पण तालमीवरनं. मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘गप, नजर लावू नगंस.’

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्षांनी वस्तादांना आरतीला बोलावलं. ते दरवर्षी एखाद्या म्हाताऱ्याला बोलवायचे, त्या वर्षी वस्ताद. फेटा बांधून त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मला हे कळलं तेव्हा मी अध्यक्षांना झग्याला धरून बाजूला ओढलं आणि जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. अध्यक्ष म्हणाले, ‘आता उठ म्हणू काय त्यास्नी?’ आबांनी मुखवट्याच्या भोकातनं पहिली रांग बघितली असणार. शिट्टी झाली आणि ते पळाले.

पळाले, बसले, खाल्लं. आडवे झाले. पण त्या दिवशी घोरणं आलं नाही. मांडव शांत, सगळे वाट बघतायत. आणि मागनं कुणातरी पोरानं, गंमत म्हणूनच, हाळी दिली, ‘नुरा हाय रं ही! डुकार ठरवून झोपलंय!’

पोरं फिदीफिदी हसली. त्यांना काही माहीत नव्हतं. पण मधल्या रांगांतली मोठी माणसं एकदम बूट-चपला बघायला लागली. वस्ताद पाटी शोधायला लागले, पण मांडवात दुकान कुठलं? माझा हात सीडीच्या बटणावर तसाच राहिला. मला वाटलं, आता हा माणूस उठून बोळानं घरी जाणार आणि पुन्हा कधी बाहेर पडणार नाही.

आबा उठून बसले. दोन्ही हातांनी मुखवटा काढून मांडीवर घेतला. घाम निथळत होता आणि मिशीला लाडवाचा चुरा. हसणं बंद पडलं.

‘व्हय,’ आबा म्हणाले. माईक नव्हता आणि लागतही नव्हता. ‘ही ठरवूनच हाय. नाटक हाय, नाटकात ठरवूनच असतंय. पर जत्रतली कुस्ती ठरवून न्हवती. त्यो पोरगा त्या दिशी माझ्यापरास भारी हुता. त्येनं पाय वडला, मला सोडवाय आला न्हाई. मी हरलो. खरा हरलो.’

लाटा हलवणारी दोघं कापड हातात धरून तशीच उभी. मला रडू येत होतं, आणि त्या मांडवातल्या प्रत्येकाला धरून हलवावंसंही वाटत होतं. वस्ताद खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. तिथनंच त्यांनी विचारलं.

‘मग येवडी वर्सं बोलला का न्हाईस रं?’

‘कुणी इचारलं व्हय, वस्ताद?’ आबा म्हणाले. ‘समदी मलाच सांगत हुती.’